साड्यांचा मजला

गुंफाकाकूच्या घराला पहिला मजला नव्हता. हे मी कुठल्याही देवळात, मशिदीत, कोर्टात सांगायला तयार आहे. त्या गच्चीवरून मी पतंग उडवलेत. तिथं वाळत घातलेल्या कुरड्या ओल्या असतानाच चोरून खाल्ल्यात आणि काकूच्या हातचा रट्टाही तिथंच खाल्लाय. गच्चीवर पाण्याची टाकी होती, एक तुटकी बाज होती आणि वरती आभाळ होतं. मजला नव्हता. तरी आमच्या नगरपरिषदेनं तो शोधला, मोजला, त्याचं भाडं ठरवलं आणि त्या भाड्यावर काकूला कर लावला. एवढ्यावर थांबले असते तरी मी हा लेख लिहिला नसता. पुढं जे केलं त्यासाठी लिहितोय.

गावाचं नाव लिहीत नाही. अमरावतीहून अकोल्याला जाताना लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं की गावातले म्हणतील आमची बदनामी केली, आणि बाहेरचे म्हणतील बरं झालं, आमच्याकडं असलं काही नाही. तुमच्याकडंही आहे. घरपट्टीचं बिल काढून बघा, तुमच्या घरात तुम्हाला माहीत नसलेलं काय काय आहे ते.

तर गुंफाकाकू. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं घर. मागं स्लॅबच्या दोन खोल्या, पुढं कवेलूची, म्हणजे कौलांची, लांबरुंद छपरी, छपरीत नवऱ्यानं हौसेनं टांगलेला सागवानी झोपाळा, आमच्याकडची बंगई. नवरा जिनिंगमध्ये मुकादम होता, तो गेला. मुलगी लग्न होऊन अकोल्याला. तीन एकर रान मक्त्यानं दिलेलं, त्यावर काकूचं भागायचं. उंच, हाडापेरानं दणकट बाई. आवाज असा की गल्लीत शिरणारा दूधवाला तिचा आवाज ऐकून सायकलची घंटी वाजवणं सोडून द्यायचा. वाजवून ऐकू कुणाला येणार?

चांगुलपणाचा पुतळा वगैरे काकू नव्हती. चहात साखर टाकताना तिचा हात आखडायचा. कुणाच्या सुनेनं नवी साडी घेतली की दोन दिवस तिला नीट झोप लागायची नाही. आणि कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही, हा तिचा धर्म होता. थैली घेऊन बाजाराला निघालेल्या काकूला कुणी विचारलं, "कुठी चालली वं गुंफाबाई?" तर ती म्हणायची, "लंडनले. काही आणू काय तुले?" जेवलीस का विचारलं तर, "नाई बाप्पा, चार दिसाची उपाशी हाय. हे पोट तं हवेनं फुगलं." चेहरा मात्र हलायचा नाही. हसू नाही, डोळा मारणं नाही. नवख्या माणसानं ऐकलं तर त्याला पोळीच आणून द्यावीशी वाटेल.

एकदा निवडणुकीत उभा असलेला एक जण हात जोडून छपरीत आला. म्हणाला, "काकू, मत कोणाले?"

"तुलेच ना रे राजा! माहं तुले, शेजारणीचं तुले, माह्या मेलेल्या सासूचंबी तुलेच."

तो बिचारा खुश होऊन गेला आणि दणकून पडला. पडल्यावर पुन्हा आला, विचारायला, की काकू, तुमच्या गल्लीतून मतं कशी निघाली नाहीत? काकू म्हणाली, "सासूनं ऐन वेळी घात केला." आमच्या गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा काकूचं बोलणं मनातल्या मनात उलटं करून घ्यायची. बाहेरच्याला ते जमायचं नाही. ते त्या उमेदवाराला जमलं नाही आणि नंतर सरकारलाही जमलं नाही.

आता छपरीचं सांगतो, कारण सगळी भानगड छपरीतच झाली. होळी झाली की आमच्याकडं वाळवणाचे दिवस सुरू होतात. पापड, कुरड्या, सरगुंडे, मुंगवड्या. हे एकटीचं काम नाही. म्हणून बाया एकमेकींना हात उसना देतात. आज आठ-दहा जणी मिळून तुझे पापड लाटायचे, उद्या माझे, परवा तिचे. पैसा कुणी कुणाला देत नाही. कच्ची लाटी तेलात बुडवून खायची, चहा प्यायचा, आणि गावातल्या प्रत्येक सुनेची, सासूची, जावयाची साल काढायची, हीच मजुरी. पूर्वी ज्या घरचे पापड त्या घरी बसायच्या. पण घरं लहान झाली, अंगणं गेली, सावली गेली. राहिली ती काकूची छपरी. मग सगळ्या गल्लीचे पापड तिथंच लाटले जायचे आणि काकूच्याच गच्चीवर वाळायचे. संध्याकाळी ज्या घरची पाळी असेल त्या घरचा डबा त्या घरी जायचा.

या फौजेत काकूची जोडीदारीण होती रझियाबी. समोरच्या घरातली, नवऱ्याचं सायकलचं दुकान. दोघी चाळीस वर्षं एकमेकींशी भांडत पापड लाटत आल्या होत्या. काकूचं म्हणणं, पापड असा पातळ पाहिजे की त्याच्यातून पलीकडचा माणूस दिसला पाहिजे. रझियाबी म्हणायची, "माणूस देखके क्या करनेका गुंफा? घर में है वोच नई देखा जाता." आणि दुसऱ्या दिवशी दोघी परत एकाच परातीवर.

गच्चीवर बाजा मांडायच्या, चार-पाच एकमेकींना लागून. त्यांच्यावर जुन्या साड्या ताणून अंथरायच्या आणि त्यावर कुरड्या. वैशाखातली वावटळ आमच्याकडं सांगून येत नाही, म्हणून साड्यांची टोकं जिन्याच्या कठड्याला आणि टाकीच्या पाइपाला करकचून बांधायच्या. गच्ची जवळजवळ झाकून जायची. खालून बघितलं तर बाजा. वरून बघितलं तर काय दिसत असेल, याचा विचार आमच्याकडं कुणी केलाच नव्हता. वरून बघतं कोण? कावळा.

त्या वर्षी वरून ड्रोननं बघितलं.

दर चार वर्षांनी घरांची फेरआकारणी करायची असते. ते काम नगरपरिषदेनं एका बाहेरच्या एजन्सीला दिलं. एजन्सीला पैसे कशाचे मिळतात, घरं मोजायचे की कर वाढवायचे, असं मी लेखी विचारलं. उत्तर अजून यायचंय. तर एका दुपारी गल्लीवरून ते यंत्र घोंघावत गेलं आणि त्याच्या मागोमाग गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि लाल ठिपक्याचं मोजयंत्र घेतलेला सर्वेवाला छपरीत आला. मी त्या वेळी बंगईवर बसून आमच्या गावच्या नागरिक समितीच्या पत्रकांना घड्या घालत होतो. सगळं माझ्यासमोर झालं.

आल्या आल्या त्यानं भिंतीवर लाल ठिपका मारला. ठिपका घसरला तो रझियाबीच्या पोळपाटावर आला.

"बेटा," रझियाबी म्हणाली, "ये लाल टिकली मेरे पापड कू मत लगा. उसका ब्याह नई करना मेरे को."

बाया खिदळल्या. तोही हसला. सभ्य होता तसा. बोलण्यावरून पुण्याकडचा वाटला. काकूकडं वळून म्हणाला, "आजी, इथे रोज एवढ्या महिला काम करतात का?"

आजी म्हटलं इथंच त्याचं चुकलं. काकूचं लाटणं थांबलं नाही, पण मी तिला ओळखत होतो.

"आज कमी हायेत बाप्पा," ती म्हणाली. "अर्ध्या कारखान्याले सुट्टी हाय."

"म्हणजे इथे उत्पादन होतं?"

"भल्लं होते! रोज एक ट्रक अकोल्याले जाते, एक परतवाड्याले. मेळघाटातले वाघ माहेच पापड खातेत."

"आणि माल कुठे ठेवता?"

"वरती गोदाम हाय ना. जाय, पाहून ये."

त्यानं जिन्याकडं बघितलं. घराबाहेरून वर जाणारा लोखंडी जिना, वैशाखातली दुपार. तो गेला नाही. टॅबवर बोट फिरवत म्हणाला, "वरचं ड्रोनमध्ये येतं, आजी." मग आणखी थोडं काहीतरी टिपलं, पाणी प्यायला, काकूनं दिलेली लाटी तेलात बुडवून खाल्ली, छान आहे म्हणाला आणि गेला. तो हसत होता. म्हणून तर आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही, की तो लिहूनही घेतोय.

आता त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. गावाबाहेर एक लॉन आहे. लग्नं, वाढदिवस, पुढाऱ्यांच्या सभा, सगळं तिथं. कुणाचं आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे. सर्वेवाले तिथं गेले तेव्हा मुहूर्त नव्हता. फाटक बंद, मंडप काढलेला, आत गवत. त्यांनी लिहिलं, मोकळी जागा. संपलं. तिथल्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोल्या ड्रोनला दिसल्या नाहीत. काकूच्या साड्या दिसल्या. कुणाच्या घरी काय दिसावं आणि काय दिसू नये, हे ज्या यंत्राला इतकं नेमकं कळतं त्याला माझा दंडवत.

श्रावणात नोटिसा आल्या. काकू तिची नोटीस घेऊन आमच्याकडं आली. "वाच," म्हणाली. "माह्या घरात काय काय हाय ते मले तरी समजू दे."

मी वाचलं. तळमजला, पुढील भाग: बिगरनिवासी वापर, गृहउद्योग. पहिला मजला: शेड, गोदाम. खाली कराचा आकडा. आकडा मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं शेजारच्या कापूस व्यापाऱ्याची नोटीस चुकून हिच्याकडं आली.

काकू हसली नाही. "वरती कोण राह्यते?" म्हणाली. "मले भाडं काहून नाई देत मंग तो?"

मी तिला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता माझंच डोकं तापत गेलं. घरावरचा कर असा ठरतो: हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा अंदाज बांधायचा. त्यातून दुरुस्तीचं म्हणून थोडं वजा करायचं. उरेल त्याचे टक्के म्हणजे कर. घरात धंदा असेल तर भाड्याचा दर जास्त, राहायला असेल तर कमी. घर तुम्ही भाड्यानं दिलंय का, देणार आहात का, याच्याशी संबंध नाही. देऊ शकला असता, एवढं पुरे.

"मी कोणाले देऊ भाड्यानं? मी राह्यतो ना तठी."

"समजायचं की तूच भाडेकरू."

"आन् मालकीण?"

"तीपण तूच."

काकूनं जरा विचार केला. "मंग एखाद्या दिवशी मीच मले घराबाहेर काढीन," ती म्हणाली. आणि मग, पहिल्यांदाच, कुठलंही उलटंपालटं न करता, खालच्या आवाजात म्हणाली, "एवढे पैशे भरायचे तं छपरी द्या लागीन कोणाले तरी. छपरी जाईन रे."

तिला बिलाची भीती नव्हती, छपरीची होती. तेव्हापासून जे काही झालं ते छपरीसाठी झालं, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

हरकत घेतली. पोळा झाल्यावर सुनावणी लागली. जायच्या आधी मी काकूला तीन-तीनदा बजावलं होतं: विचारतील तेवढंच बोलायचं आणि सरळ बोलायचं. वाघ नको, लंडन नको, सासू नको. तिनं मान हलवली. रझियाबीही साक्षीला म्हणून सोबत आली, बुरख्यावर नवा दुपट्टा घेऊन.

सभागृह माणसांनी भरलेलं. कुणाच्या गोठ्याचा हॉल झाला होता, कुणाच्या संडासाची खोली. एका म्हाताऱ्याच्या तुळशीवृंदावनाचं बांधकाम धरलं होतं. प्रत्येक जण हातातली नोटीस अशी धरून बसला होता जशी काही त्यानंच चोरी केलीय. मला विचाराल तर हीच या कारभाराची सगळ्यात मोठी कमाई. चूक त्यांनी करायची आणि पुरावा आपण आणायचा. नसलेला मजला नाही हे सिद्ध कसं करायचं? मी उद्या तुमच्या नावावर लिहिलं की तुमच्या घरात हत्ती आहे, तर तुम्ही काय घेऊन याल?

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पडद्यावर फोटो दाखवला. वरून घेतलेला. गच्चीच्या जागी रंगीत पट्ट्यांचा एक सलग चौकोन.

"हे छत आहे," साहेब म्हणाले.

"छत नाई जी, साड्या हायेत." काकू उठून पडद्याजवळ गेली आणि बोट लावून दाखवू लागली. "ही राणी कलरची माह्या पोरीच्या बारशाची. ही मेंदी कलरची माहीच, काठ फाटला म्हणून टाकली वायवणाले. आन् ही हिरवी इचं जुनं लुगडं, इनं ईदीले घेतलं होतं."

"मेरा इच है साब," रझियाबी म्हणाली. "अभी बी है घर में. लाऊँ?"

"साडीला खांब असतात का, बाई? सावली बघा. जमिनीपासून उंचीवर आहे."

"बाजा हायेत खाली."

"मग आता का नाहीत?"

"साहेब," काकू म्हणाली, "भादव्यात कुरड्या कोण घालते? तुमच्या घरी घालतेत काय?"

मागं हशा झाला. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद पुढं ओढला. "तुम्ही स्वतः सर्वेक्षकाला सांगितलंय. रोज माल बाहेर जातो. अकोला, परतवाडा. वर गोदाम आहे. तुमचेच शब्द आहेत ना?"

"हाव, माहेच हायेत."

मी डोक्याला हात लावला.

"मी वाघाचंबी सांगतलं होतं," काकू म्हणाली. "ते काहून नाई लिहिलं?"

सगळं सभागृह हसलं. साहेबांच्या शेजारचा बाबूसुद्धा. पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. जन्मभर उलटं बोलणारी ही बाई त्या दिवशी एकेक शब्द सरळ बोलत होती. साड्या कुणाच्या, कशाच्या, कधीच्या, सगळं. त्यातला एक शब्द कुणी लिहून घेतला नाही. गंमत केली होती ती मात्र सही-शिक्क्यानिशी फाइलीत बसली होती. आणि वाघ कुणी गाळला? म्हणजे त्याला कळत होतं, की कुठलं खरं नाही. जे सोयीचं तेवढं खरं धरलं.

स्थळ पाहणी करू, असं साहेब म्हणाले. दिवाळीच्या तोंडावर कर निरीक्षक आला. हा गावातलाच, काकूच्या हातच्या कुरड्या खाल्लेला, नजर चुकवत आला. जिना चढला. मी आणि काकू मागोमाग. गच्चीवर टाकी, तुटकी बाज आणि कपडे वाळत घालायची दोरी. त्यानं चारही कोपऱ्यांत जाऊन बघितलं. मग खिशातून पेन काढून उभाच राहिला.

"काय लिहू काकू?"

"दिसते ते लिहा."

"मजला दिसत नाही."

"मंग मजला नाई म्हणून लिहा."

"तसं लिहिता येत नाही ना," तो म्हणाला. खरोखर अडचणीत होता. "नोंद झालेली आहे. झालेली नोंद चुकीची होती असं मी कसं लिहू? मला तेवढा अधिकार नाही. मजला पाडला, असं लिहिता येतं."

काकूनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"मी पाडला?"

"कागदावर."

"न बांधलेला मजला म्या पाडला? कोणत्या हातानं पाडला रे? अन् मलबा कुठी हाय? मलबा दाखव मले. कोणाच्या दारात टाकला म्या?"

"काकू, समजून घ्या. पुढचं बिल कमी होईल. फक्त पाडला त्या तारखेपर्यंतचं..."

फक्त. त्या तारखेपर्यंतचा कर द्यायचाच. म्हणजे साड्यांचा मजला वैशाखात उभा राहिला, दिवाळीत पडला आणि मधल्या काळाचं भाडं काकूनं काकूला दिलं, म्हणून कर. वर त्यानं हळूच हेही सांगितलं, की पाडण्यासाठी परवानगी घेतली नव्हती, पण तेवढ्याकडं मी डोळेझाक करतो. उपकार! मला तिथंच त्याची गचांडी धरावीशी वाटली. काकूनं माझा दंड धरला. जाताना तिनं त्याला चहा दिला. साखर नेहमीपेक्षा कमी.

छपरीचं तर काहीच झालं नाही. गृहउद्योग तो गृहउद्योगच. कारण दारात उभं राहून तुम्ही दाखवणार तरी काय? बाया येतात, बसतात, माल बाहेर जातो, सगळं खरंच होतं. फक्त तो धंदा नव्हता. दहा बाया एकमेकींसाठी फुकट राबतात, ही गोष्ट लिहायला त्यांच्या टॅबवर जागाच नव्हती. निवासी किंवा बिगरनिवासी. तिसरा रकाना नाही. पुढच्या फेरआकारणीला बघू, असं उत्तर मिळालं. म्हणजे चार वर्षांनी. तोवर आधी भरा, मग भांडा.

मी पेटलो होतो. मोर्चाचं ठरवलं. पत्रकाचा मजकूरही तयार केला: नगरपरिषदेच्या दारात बाया पोळपाट-लाटणी घेऊन बसणार, तिथंच पापड लाटणार, लावा म्हणावं आता नगरपरिषदेवर गृहउद्योगाचा कर. मला ती कल्पना फार आवडली होती. काकूला वाचून दाखवली. तिनं पुरतं ऐकून घेतलं.

"अन् ते पापड खाईन कोण?" म्हणाली. "तठची धूळ पाहिली काय तू? माह्यासाठी भांडून राहिला ते ठीक हाय बापा, पापडाची नासाडी काहून करतं? ठेव ते पत्रक. खारोड्यांखाली अंथराले कागद लागतेच."

मोर्चा झाला नाही. पण खरं कारण काकूची नापसंती नव्हती, बाया घाबरल्या होत्या हे होतं. ज्या घरी चार बाया बसलेल्या दिसतील त्या घरावर धंदा लागतो, असं गावात पसरलं होतं. नवऱ्यांनी बायकांना सांगितलं, आपल्या दारात गर्दी नको. रझियाबीच्या मुलानं तर तिचा पोळपाटच माळ्यावर टाकला. नगरपरिषदेनं कुणाला बंदी केली नव्हती. त्यांना करावीच लागली नाही.

पौषात काकूनं छपरी भाड्यानं दिली. मोबाइल दुरुस्तीवाल्याला. त्यानं पुढं शटर बसवलं, भिंतींना पिवळा रंग दिला, आणि बंगई अडचण होते म्हणाला तेव्हा काकूनं स्वतः कड्या काढून दिल्या. बंगई आता आतल्या खोलीत भिंतीला उभी टेकवून ठेवली होती. त्या आठवड्यात तो निरीक्षक रस्त्यानं जाताना शटर बघून थांबला. मला म्हणाला, "बघा, शेवटी नोंद बरोबरच निघाली."

मी त्याला काय म्हणालो ते छापता येणार नाही. पण ते लिहिण्यासाठी हा लेख नाही. लेख यासाठी आहे, की हे असं करतात. आधी तुमच्या घरात नसलेलं दुकान लिहितात, मग त्या दुकानाचा कर भरायला तुम्हाला खरोखर दुकान काढायला लावतात, आणि मग बोट दाखवून म्हणतात, बघा, आम्ही म्हटलंच होतं. खोट्याचं खरं करायची एवढी सोपी पद्धत मी तरी दुसरी पाहिली नाही.

पुढं मी कामासाठी अमरावतीला राहायला गेलो. गावाकडं जाणं कमी झालं. फोनवर काकू बोलायची; कशी आहेस विचारलं की, "मेली, तेरवीबी झाली, तू काहून नाई आला जेवाले?" छपरीचं मी काढलं की विषय बदलायची.

वैशाखात अकोल्याला एका बैठकीला निघालो होतो. वाटेत उतरलो, म्हटलं काकूला भेटून पुढची गाडी धरू. दुपारची वेळ, गल्ली तापलेली. शटरमधून गाणी ऐकू येत होती, आत एक जण डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी फोनचं मागचं झाकण उकलत होता. काकूचं दार बंद. कडीला कुलूप. समोर रझियाबीचंही दार बंद. मी उभा राहिलो. वाटलं, गेली असेल अकोल्याला, पोरीकडं. चांगलंच झालं. कशाला इथं राहील ती.

तेवढ्यात वरून आवाज आला. "काय पाहून राहिला रे? दुकान पाहाले आला काय?"

मी वर बघितलं. गच्चीच्या एका अंगाला चार बांबू उभे केले होते, बुडाशी तुरीच्या काड्यांचे भारे लावून, दगड रचून, पक्के. त्यांच्या माथ्यावर साड्या ताणून बांधल्या होत्या, राणी कलरची, मेंदी कलरची, हिरवी. त्या सावलीत बाया बसल्या होत्या. सगळ्या नव्हत्या, पण पाच-सहा होत्या. रझियाबी टाकीला पाठ टेकून लाटत होती आणि कुणाला तरी सांगत होती, की गुंफाच्या पापडातून आता माणूस काय, अमरावतीसुद्धा दिसते. बांबूच्या पलीकडं बाजांवर कुरड्या. काकू कठड्याशी उभी, हातात कावळ्यांसाठीची काठी, घामानं कपाळ चकाकतंय.

"काकू, हे काय केलं?" मी ओरडलो. "पुन्हा फोटो काढतील ना!"

"काढू दे." तिनं काठीनं डोक्यावरच्या साडीला खालून टोचलं. साडी फुगली आणि परत बसली. "पैशे भरले ना म्या याचे? मंग बांधून घेतला. हा पहिला मजला हाय. त्याले सांग, येऊन मोज म्हणा. अन् या बारीले जिना चढून ये म्हणा. पायऱ्या भल्ल्या तापतेत, चप्पल घालून ये."